एप्रिलची जेईई द्यावी का?

चि. सोनूस,


जेईई मेनच्या जानेवारीच्या परीक्षेत तुला 98.2 पर्सेंटाइल मिळाले, हे ताईकडून कळलं आणि फार आनंद झाला. पाठोपाठ प्रश्नही कळला, एप्रिलमध्ये पुन्हा बसायचं का? क्लासचे सर बसच म्हणतात. भाऊजी म्हणतात, दोन्हींतला चांगला स्कोअरच धरतात, मग बिघडतं कुठे? अर्जाची मुदत संपायच्या आत तुला ठरवायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊजींचं म्हणणं खरं आहे. एप्रिलला गुण घसरले तरी जानेवारीचे कुणी काढून घेत नाही. पण गुण किती वाढतील याआधी, वाढले तर कुठला प्रवेश मिळेल, हे बघ.

आयआयटीसाठी मेन ही फक्त चाळणी आहे. सगळे गट मिळून अडीच लाख मुलं ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात. 2025 मध्ये खुल्या गटाचा कटऑफ 93.10 होता. तू त्याच्या बरीच वर आहेस. ॲडव्हान्स्डच्या क्रमांकात मेनचे गुण धरतच नाहीत, त्यामुळे तुझे 98.2 चे 99 झाले तरी तिथे काडीचा फरक पडत नाही.

एनआयटीचं गणित वेगळं. तिथे मेनचा क्रमांकच चालतो. चौदा लाख मुलं बसली असं धरलं, तर 98.2 म्हणजे साधारण 25 हजारांच्या आसपासचा क्रमांक आणि 99 म्हणजे 14 हजारांच्या आसपासचा. हा फरक लहान नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी होणाऱ्यांना असतात. तिथलं कॉम्प्युटर हीच तुझी पहिली पसंती असती, तर मी स्वतः तुला एप्रिलला बसायला लावलं असतं.

पण दिवाळीत तू मला सांगितलंस, पुण्यातच राहायचं आणि सीओईपीला जायचं. तिथला तुझा रस्ता एमएचटी-सीईटीचा. त्या परीक्षेत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि भर सारा वेगावर. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे असतात. जेईईचा एकेक अवघड प्रश्न चिवटपणे सोडवायची सवय तिथे आड येते. माझ्या वर्गात हुशार मुलांचेही शेवटचे दहा-बारा प्रश्न राहून गेलेले मी पाहते. सीईटीचा 80 टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, तोही बोर्डाच्याच पुस्तकांवर. म्हणजे बोर्डासाठी आत्ता केलेली उजळणी सीईटीलाही जशीच्या तशी उपयोगी पडते. शिवाय एनआयटीचा पर्याय हाताशी राहावा म्हणून बारावीला 75 टक्क्यांच्या वर राहायलाच हवं.

तेव्हा एप्रिलच्या परीक्षेची खरी किंमत अर्जाच्या फीमध्ये मोजू नकोस. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि सीईटी यांच्यामधले जे थोडे आठवडे आहेत, ते ती परीक्षा खाईल. मैत्रिणीला 99 आले म्हणून आपल्यालाही हवेत, एवढ्याच कारणासाठी ते आठवडे देऊ नयेत. 98.2 हे उत्तम गुण आहेत आणि ते कष्टाने मिळवलेले आहेत.

माझं मत विचारशील तर अर्ज भरू नकोस. बोर्ड नीट दे, मग रोज घड्याळ लावून सीईटीचा एक पूर्ण पेपर सोडव. तरीही व्हीएनआयटी मनात असेल, तर तसं भाऊजींना स्पष्ट सांग आणि बिनधास्त बस. पसंती तुझी आहे, ती तूच ठरव.

तुझी,
मावशी