बांधावरून ओळखलेलं पाणी

संकेश्वरला रात्री उसाचं दारं धरायला अण्णा निघाले, की मीही बॅटरी घेऊन मागं. ऊस डोक्यावर गेला की आत पाणी कुठवर पोचलं ते दिसत नाही. अण्णा बांधावर वाकून टोकाशी येणाऱ्या पाण्याचा जोर बघायचे आणि म्हणायचे, "मधल्या चार सऱ्या कोरड्याच हाईत."

फुप्फुसांचं विद्युत-अवरोध चित्रण करताना मी तेच करतो. छातीभोवती सोळा इलेक्ट्रोडचा पट्टा. शेजारच्या दोघांतून रुग्णाला जाणवणारही नाही इतका प्रवाह सोडायचा, उरलेल्या जोड्यांवरचं व्होल्टेज मोजायचं, मग जोडी एक घर पुढं. एका फेरीत २०८ आकडे. हवेतून वीज जात नाही. श्वास भरला की प्रवाह वळसा घेतो आणि कडेचे आकडे बदलतात. क्ष-किरण सरळ जातो, वीज मात्र पाटाच्या पाण्यासारखी सोपी वाट धरते. त्यामुळं कडेला झालेली बारीक चूक आत भलतीच मोठी होऊन उमटते.

शेफील्डच्या बार्बर आणि ब्राउन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत उभी केली. २००९मध्ये अनेक संशोधकांनी मिळून 'ग्राइट' ही चित्र काढायची सामाईक रीत मांडली. गणित पुष्कळ सुधारलं आहे. माझा जीव मात्र कातडीपाशी अडकलेला असतो.

एकदा उजव्या फुप्फुसाचा मागचा भाग मिटलेला दिसला. व्हेंटिलेटरचा दाब वाढवायचं बोलणं चाललं होतं. मी थोडा वेळ मागून घेतला. प्रवाहाची जोडी आणि मोजणीची जोडी यांची अदलाबदल केली तरी आकडा तोच यायला हवा. म्हणजे २०८ आकड्यांत १०४ जुळी. एका इलेक्ट्रोडची जुळी काही केल्या जुळेनात. पाठीखाली हात घातला तर जेल वाळून तो सुटलेला. नीट बसवला आणि तो डाग गेला. पाणी कमी आलं की अण्णा आधी बांधात खेकड्याचं बीळ शोधायचे.

पट्टा खाली घसरला तर श्वासपटल चित्रात शिरतं. आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वाकून राबलेल्या बाईची छाती गोल कुठून असणार? गणितानं ती गोल धरली तर फुप्फुसं भलत्या जागी दिसतात. म्हणून टेप लावून छातीची रुंदी-खोली घेतो, तो आकार यंत्रात भरतो, फासळ्या बोटानं मोजून पट्टा चढवतो. १०४ जुळी जुळली, की मगच पडद्याकडं बघतो.