तंजावरचा मनोरा आणि धक्क्यावरची वीज

तंजावरला गेलात की बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल पाहून लगेच परतू नका. पट्टुकोट्टईमार्गे साधारण ६५ किलोमीटरवर, समुद्रकाठी मनोरा उभा आहे. आठ मजली, षट्कोनी. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजीराजे दुसरे यांनी तो बांधला. अनेक जण वॉटर्लूचं नाव घेतात, पण शिलालेखावर साल आहे १८१४ आणि वॉटर्लूची लढाई झाली १८१५ मध्ये! २००४ च्या त्सुनामीत मनोऱ्याचं नुकसान झालं, पुढे दुरुस्तीही झाली.

इथून मल्लीपट्टिनमचं मासेमारी बंदर जवळ आहे. मुलं बोटी बघायला धावणारच. पण कुठल्याही धक्क्यावर पाऊल टाकण्याआधी दिव्याच्या खांबांकडे आणि वायरींकडे एक नजर टाका. खारी हवा तांब्याचे जोड हिरवे करून खाते, आणि बोटीच्या दोराशी घासून वायरीचं आवरण जातं. पाण्यात लोंबणारी वायर किंवा उघडी पेटी दिसली, तर मुलांना कठड्याला हात लावू देऊ नका.

गंमत म्हणजे समुद्रापेक्षा कावेरीचे कालवे आणि गावतळी याबाबतीत जास्त धोक्याची. खारं पाणी शरीरापेक्षा वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे बराचसा प्रवाह माणसाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात मात्र माणसाचं शरीरच सोपी वाट ठरतं. स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही हाक न मारता बुडतो. दिवे लावलेल्या धक्क्याजवळ पोहायला म्हणूनच सरळ नाही म्हणा.

गावी तळ्याकाठी तुमचाच छोटा धक्का असेल, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. वायर पाइपातून, पुराच्या खुणेच्या वर न्या. अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडली नाही तर बदला. तंजावरकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, आपल्याकडे जून ते सप्टेंबरात. तो सरला की सगळे जोड तपासून घ्या. आणि लग्नाच्या रोषणाईसाठी घरातला एक्स्टेंशन बोर्ड तिथे ओढत नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

पाण्यात कुणी अचानक ताठरला, तर मागे उडी मारू नका, तुम्हीही अडकाल. आधी मेन स्विच बंद करा, मग दोर किंवा ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच सीपीआर सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.