लाळेतील दाहाची मोजणी

विषाणूजन्य आजार किती गंभीर होईल, हे विषाणूइतकेच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक, शरीराच्या प्रतिकारातून उसळणाऱ्या दाहावर अवलंबून असते. 2021 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बोईसर-तारापूरच्या कामगार वसाहतींना याचा प्रत्यय आला. आरटी-पीसीआरमुळे लागण झाल्याचे कळे, परंतु कोणाला घरीच ठेवावे आणि कोणासाठी पालघर, वापी किंवा मुंबईत खाट शोधावी, हे त्या अहवालातून कळत नसे. प्रस्तुत लेखकाच्या आत्यांच्या आजारपणात ऑक्सिमीटरवरील आकडा समाधानकारक दिसत असताना रक्तातील सीआरपी मात्र चढत गेला, आणि प्रत्येक तपासणीसाठी त्या थकलेल्या, सुरकुतल्या हाताची शीर पुन्हा शोधावी लागली.

सीआरपी, म्हणजे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून इंटरल्यूकिन-6 या संदेशवाहक रेणूच्या इशाऱ्यावर त्याचे उत्पादन वाढते. हे दोन्ही घटक लाळेतही सापडतात, आणि लाळ सुईविना, रुग्णाच्या स्वतःच्या हातून, दिवसातून अनेकदा घेता येते, म्हणूनच तिच्यावरून आजाराची तीव्रता ओळखण्याचे प्रयत्न सुरू आहेत. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने 2021 मध्ये पुढे आणलेली मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत यापेक्षा वेगळी आहे. तिने नमुना घेणे सोपे केले, पण तिचा शोध विषाणूचा होता, दाहाचा नव्हे.

खरी अडचण तोंडातच आहे. लाळेतील सीआरपी मुख्यतः रक्तातून, हिरड्यांच्या कडेने झिरपणाऱ्या द्रवावाटे येतो आणि त्याचे प्रमाण अत्यल्प असते. इंटरल्यूकिन-6 मात्र सुजलेल्या हिरड्याही तयार करतात. आत्या वर्षानुवर्षे मिश्री लावत आल्या आहेत आणि त्यांच्या हिरड्या कायम सुजलेल्या असतात, तेव्हा त्यांच्या लाळेतील वाढलेला आकडा फुप्फुसांविषयी बोलतो की हिरड्यांविषयी, हे एका नमुन्यावरून सांगता येणार नाही. तापात तोंड कोरडे पडले की लाळ दाट होते आणि आकडा आणखी फसवा ठरतो.

तरीही जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवण्यातील कष्ट पाहता हा शोध सोडून देणे योग्य नाही. मात्र तपासणीपूर्वी तोंड उघडून हिरड्या पाहणे, काही न खाता ठरावीक वेळी लाळ घेणे आणि त्याच व्यक्तीच्या लागोपाठच्या नमुन्यांची परस्परांशी तुलना करणे, एवढी शिस्त त्यात पहिल्यापासून असली पाहिजे.