‘दूध पुरंना ओ, आशाताई’

बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “दूधच पुरंना ओ, आशाताई.” बाळंतीण स्वतः हे क्वचितच म्हणते. तिची आई म्हणते, सासू म्हणते, बाळ बघायला आलेली शेजारीणही म्हणते. ती बिचारी मान खाली घालून बसलेली असते.

मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. खाऊ दे, त्या निमित्ताने तरी तिच्या पोटात चार घास जास्त जातात. पण सगळं घर बाळंतिणीच्या ताटाकडे बघतं. बाळाचं तोंड छातीला नीट लागलंय का, ते वाकून कुणी बघत नाही. आशा सेविका म्हणून माझं निम्मं काम हेच.

आमच्या माण तालुक्यातल्या गावात एक पहिलटकरीण माहेरी आली होती. सिझर झालेलं. खासगी दवाखान्यातच बाळाला डब्याचं दूध सुरू केलेलं. घरी बाळंतपण झालं नसेल तर आमच्या भेटी तिसऱ्या दिवसापासून असतात. सिझरची बाई दवाखान्यातून उशिरा येते, म्हणून हिच्याकडे मी सातव्या दिवशी गेले. जन्माचं वजन २ किलो ८००. झोळीच्या काट्यावर भरलं २ किलो ६००. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण एव्हाना ते चढायला लागायला हवं होतं.

“पाज बरं, मी बघते,” म्हटलं. पोरीने दात आवळून बाळाला जवळ घेतलं. बोंडांना चिरा पडलेल्या, आणि बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं. असं ओढून दूध येत नाही, आईला कळा मात्र येतात.

टाक्यांवर भार नको म्हणून बाजूला उशी ठेवली आणि बाळाला तिच्या काखेखाली घेतलं, पाय मागच्या बाजूला. बाळाचं नाक बोंडासमोर आणलं, वरच्या ओठाला बोंड लावलं आणि थांबलो. बाळाने चांगला मोठा आ केला की त्याला पटकन छातीकडे आणायचं; आईने बाळावर वाकायचं नाही. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसायला लागला. थोड्या वेळाने गिळल्याचा आवाज आला. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, “आता दुखंना.”

तिच्या आईला, म्हणजे आत्यांना, तरी शंका होतीच. “दूध दिसतंय कुठं पण? शेळीचं देऊ का वाटीचमच्यानं?”

“आत्या, दूध मोजता येत नाही, लंगोट मोजता येतात. दिवसरात्रीत सहा-सात वेळा शू झाली की पोट भरलं समजा. आणि रात्री पाजायचं चुकवू नका. रात्री पाजलं की दूध जास्त बनतं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वजन हललं नसतं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच न्यायचं ठरवलं होतं. चौदाव्या दिवशी काटा जन्माच्या वजनापुढे गेला. वेळापत्रकातल्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आम्हाला सगळ्यांचे मिळून २५० रुपये. जादाच्या फेऱ्या त्यात धरलेल्या नाहीत.

१९९२च्या कायद्याने बाळाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात बंद केली. पण आज्यांच्या सल्ल्याला जाहिरात कुठे लागते? गाय व्याली की चिकाचा खरवस गल्लीभर वाटायचा, आणि बाईचा चीक मात्र ‘जड पडतो’ म्हणून पिळून टाकायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात आमच्याकडे घसा कोरडा पडतो, तेव्हा बाळाला चमचाभर पाणी पाजायचा आग्रह असतो. आईच्या दुधात १०० भागांत ८७-८८ भाग पाणीच असतं. सहा महिने वेगळं पाणी लागत नाही. हे पटवायला मला बाळाला छातीला लावायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि काही घरांत पटवून झालं तरी भागत नाही. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बायको मागे राहिली तर मुकादमाकडून घेतलेली उचल फिटणार कशी? मागे एक बाळंतीण महिन्याचं बाळ घेऊन ट्रॅक्टरवर चढली. घरचं बाळंतपण, अंगावर दूध भरपूर, बाळही छान ओढणारं. तिला मी हाताने दूध काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायला शिकवलं होतं. पण फडात पहाटे मोळ्या बांधताना बाळाला घेऊन बसणार कोण? मोठी मुलगी, पाच वर्षांची.

बेचाळिसाव्या दिवसाची भेट राहिली होती. कारखान्याच्या गावातल्या आशाचा नंबर मिळवून फोन लावला. आमची ओळख ना पाळख. ती म्हणाली, “ताई, नुसतं नाव सांगून मला सापडायची नाही. मुकादमाचं नाव सांगा, संध्याकाळी खोपीवर जाते.”