आगोटीची पेटी

वैशाख संपत आला की मामा पेटीचं झाकण उघडत नसत. पेटीच्या मागं जाऊन उकिडवे बसत, तळपाटाखाली चार बोटं घालत आणि पेटी मागच्या अंगानं बोटभर उचलून, डोळे मिटून, क्षणभर तशीच धरत. मग हलकेच टेकवून पुढच्या पेटीकडं जात. ‘ही तरंल.’ ‘हिला घालाय लागंल.’ वर्षभराचा हिशेब तेवढ्यात उरके. पुढं माझा हात बसला तेव्हा कळलं, की मधानं भरलेली पेटी जमिनीला चिकटल्यासारखी वाटते, आणि रिकामी सहज हातात येते. ती तशी सहज हातात आली की पोटात खड्डा पडतो.

महाबळेश्वरच्या डोंगरात तेव्हा आगोटीची धांदल चालू असे. लाकूडफाटा आत घ्यायचा, घराच्या पावसाकडच्या भिंतींना बाहेरून गवत बांधायचं, कुरडया-सांडगे डब्यांत भरायचे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या गावात पावसाळा म्हणजे चार महिन्यांची कोंडी. मामांच्या लेखी पेट्यासुद्धा त्याच घरातल्या. मामी डब्यात डाळ किती उरली ते बघे, मामा चौकटीत मध किती उरला ते बघत.

मधमाश्यांच्या पुस्तकांत जपणुकीचा मोठा धडा हिवाळ्याचा असतो. बर्फाच्या मुलखात पाच-पाच महिने एक फूल दिसत नाही. तिथले मधपाळ प्रत्येक वसाहतीला पंचवीस-तीस किलो मध राखून ठेवतात, पेट्यांना आच्छादन गुंडाळतात. माश्या राणीभोवती गोळा करून बसतात आणि पंख न उघडता पंखांचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. बाहेरच्या माश्या आत, आतल्या बाहेर, अशी पाळी चालू असते. आमची सातेरीही हे जाणते. पौषात वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं, त्या रात्री पेटीला कान लावावा. आत दूरच्या जात्यासारखी घरघर असते. पिल्लं असली की पोळ्याच्या मध्यावरची ऊब चौतीस-पस्तीस अंशांखाली जाऊ द्यायची नाही, म्हणून ही सगळी मेहनत. पण नऊ वाजता ऊन आलं की तीच माशी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर हजर. थंडी तिला रात्रीपुरती अडवते, आषाढ मात्र महिनाभर दार लावून घेतो. आमच्या माशीचा खरा हिवाळा पावसात असतो.

हे मला एका चुकीनं शिकवलं. त्या वर्षी जांभळाला बहर असा आला होता, की झाडाखाली उभं राहिलं तरी डोक्यावर गुणगुण ऐकू येई. मध काळसर, किंचित तुरट, दाट. मामा आजारी होते, पेट्या माझ्याकडं होत्या. मी वरच्या कप्प्यातला मध काढला तो काढला, खालच्या पिल्लांच्या चौकटींवरची मधाची कड होती, तीही मधयंत्रात फिरवली. बरण्या उन्हात ठेवून पाहत बसले. आषाढातल्या एका उघडिपीत दोन पेट्या रिकाम्या झाल्या. सातेरी उपाशी राहून घर धरत नाही, घर सोडते. पण त्या पावसात जाणार कुठं? आत मेणकिड्यानं जाळी धरली होती, आणि एका चौकटीवर मूठभर माश्या डोकी घरांत खुपसून मेलेल्या होत्या. रिकाम्या घराच्या तळाशी काही उरलंय का, ते शोधत गेल्या होत्या त्या. मामांना सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘माधुकरी मागून आणलेलं होतं पोरी त्यांनी,’ एवढंच म्हणाले.

माधुकरी हा शब्द त्या दिवशी मला नव्यानं ऐकू आला. मधुकर म्हणजे भुंगा. घरोघर थोडं थोडं मागून आणलेलं अन्न ते माधुकरी. विद्यार्थ्याची झोळी कुणी लुटली तर आपण त्याला काय म्हणू, ते मी त्या रात्री स्वतःला म्हणून घेतलं.

तेव्हापासून आगोटीला मी पेट्या मामांच्या रीतीनं लावते. रिकाम्या चौकटी काढून कोठा लहान करायचा, म्हणजे थोड्या माश्यांनाही ऊब पुरते आणि मेणकिड्याला राखणीविना पोळं मिळत नाही. दोन दुबळ्या वसाहती असतील तर एकीची राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून एकावर एक ठेवायच्या. कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि भांडण टळतं. दार दोन-तीन माश्या जातील एवढंच, पेटी किंचित पुढं झुकती, म्हणजे पाणी आत साचत नाही. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. साखर-पाणी समसमान घेऊन केलेला पाक द्यायचा तो दिवेलागणीला. दिवसा दिला तर वासानं शेजारची पेटी लुटायला येते. पाकानं जीव तगतो. परागाची जागा मात्र साखर घेत नाही, म्हणून पराग भरलेली चौकट मी हलवत नाही.

मामांच्या वडिलांच्या वेळी पोळं पिल्लांसकट पिळत. चौकटींची पेटी आल्यावर मध काढूनही पोळं शाबूत राहू लागलं. मामा हे काम महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकले. २०२२ साली जवळचं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं, तेव्हा फार बरं वाटलं.

आमच्या पेट्यांना कोंडणारा हाच पाऊस कृष्णा होऊन खाली जातो. कराडजवळ टेंभूला तिचं पाणी उचलतात आणि ते सांगली जिल्ह्यात आटपाडीच्या माळावर डाळिंबाला मिळतं. तिथली माशी उन्हाळ्यात उपाशी असते. हिवाळा हा तिचा सुगीचा काळ. शाळूच्या कणसांवरचा पराग, सूर्यफूल, करडई, बांधावरचा शेवगा. म्हणून हस्त बहाराची फुलं लागली की आम्ही काही पेट्या खाली नेतो. कारवी फुललेली असेल त्या वर्षी मात्र नेत नाही. ती सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगर निळा-जांभळा करते, आणि तेव्हा माशीला डोंगर सोडायला लावणं हा अन्याय वाटतो.

गेल्या वर्षी कारवी नव्हती. तिन्हीसांजेला सगळ्या घरी परतल्यावर दारांना जाळी लावली. रात्री टेम्पो पसरणीचा घाट उतरला, वाई, सातारा, कराड आणि विटा मागं टाकून पहाटे आटपाडीला पोहोचला. डाळिंबाच्या बागेच्या कडेला, दारं पूर्वेला करून पेट्या मांडल्या, थोडा वेळ स्थिर होऊ दिल्या आणि जाळ्या काढल्या. पहिली माशी बाहेर आली, पण बागेकडं गेली नाही. वळून पेटीकडं तोंड करून हवेत तरंगत राहिली. मागं-पुढं होत, गोल मोठा करत ती नवं दार डोळ्यांत भरून घेत होती. मग दुसरी आली, मग दहा. लाल फुलांवर ऊन पडलं होतं.

मी मागच्या बाजूला जाऊन उकिडवी बसले, तळपाटाखाली चार बोटं घातली. पेटी अजून हलकीच होती.