दुसरा गिअर

न्यू जर्सीतल्या आमच्या संसारात २००४ साली एक मिनीव्हॅन होती. सहा माणसे आणि सौ.च्या हातचा पातेलेभर शिरा तीत सुखाने मावे. एका शनिवारी पूजेला निघालो असता हमरस्त्यावर तिने एकाएकी हट्ट धरला. दुसरा गिअर काही सोडीना! इंजिन कोकलते आहे, मागचे भोंगे वाजवताहेत आणि आम्ही आपले बैलगाडीसारखे कडेकडेने.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, "ट्रान्समिशन गेले. अडीच हजार डॉलर." तेवढेच आम्ही आईला इकडे आणण्यासाठी साठविले होते. धाकटा तिने अजून पाहिलाही नव्हता.

"अहो, वैद्यसुद्धा आधी नाडी बघतो," सौ. म्हणाली.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवूनच तेलाची पट्टी ओढली, थेंब कागदावर टिपला आणि चक्क हुंगला! तेल लालचुटुक. आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या असत्या, तर ते काळपट होऊन करपट वास आला असता. मग यंत्र जोडून पाहिले. दोष निघाला वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. त्याचा निरोप चुकू लागला, की आतले सामान वाचावे आणि माणूस घरी पोचावा म्हणून गाडीचा संगणक दुसराच गिअर धरून ठेवतो. तिला हट्टी म्हणालो होतो, ते मुकाट्याने मागे घेतले.

काम तासाभराचे, खर्च शंभरेक डॉलर.

मे महिन्यात आई आली. विमानतळावरून परतताना माझे सारे कान गिअरकडे. वडिलांची फियाट जन्मभर पाहिलेली आई मात्र विचारीत होती, "अरे, क्लच नाही, तर तुझा डावा पाय करतो तरी काय?"