महिन्याला एक मिलिमीटर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे एक ठरावीक मागणी येते. ‘‘डॉक्टर, पोरीला बघायला पाहुणे येणारेत. तीन महिन्यांत दात सरळ होतील ना?’’ शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी दातांना तारा लावण्याचं काम करायचं म्हटलं की हा प्रश्न चुकत नाही. माझं उत्तरही ठरलेलं असतं. दात नुसते थोडे वेडेवाकडे असतील तर वर्ष-सव्वा वर्ष. दात पुढे आलेले असतील आणि उपदाढा काढाव्या लागल्या तर दीड ते दोन वर्षं. सुळा टाळूत अडकला असेल किंवा जबड्याचं ऑपरेशन लागणार असेल तर अडीच-तीन वर्षंही जातात. हे ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसतात आणि मग म्हणतात, ‘‘मग जरा जास्त घट्ट करा ना, लवकर होईल!’’

नेमकी इथेच गफलत आहे. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरभर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेचा दाब आला की दात ज्या बाजूला ढकलला जातो, तिथलं हाड काही पेशी कुरतडून काढतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. या पेशींना सतत रक्त लागतं. दाब बेताचा असेल तर काम सुरू राहतं. फार झाला तर त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, काम ठप्प होतं आणि दात दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. वर दाताचं मूळ झिजण्याचा धोका, तो वेगळाच. व्हिएन्नाचे दंततज्ज्ञ श्वार्झ यांनी १९३२ मध्येच सांगून ठेवलं होतं की हा दाब केशवाहिन्यांतल्या रक्तदाबापेक्षा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमपेक्षा जास्त नसावा. त्यानंतर तारांचे धातू बदलले, तार धरायला दातावर चिकटवायच्या ब्रॅकेटचे आकार बदलले. हाड मात्र तेच राहिलं.

आता हिशेब मांडून बघा. उपदाढ काढली की साधारण सात मिलिमीटर जागा होते. दात महिन्याला सरासरी एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे ती जागा भरायलाच सात-आठ महिने गेले. त्याआधी वाकडे दात एका ओळीत आणायला चार-सहा महिने लागतात. शेवटी वरच्या-खालच्या दाढांची चावण्याची जुळणी करायला आणखी चार-सहा. बेरीज दीड वर्षाच्या आसपास जाते. ‘सहा महिन्यांत सरळ दात’ अशा जाहिरातींत बहुतेकदा फक्त पुढचे दात ओळीत आणायची गोष्ट असते. चावा तसाच राहतो. आपोआप बंद होणारे ब्रॅकेट, कंप देणारी यंत्रं यांनी मुदत लक्षणीय कमी होते, असा भक्कम पुरावाही नाही.

मग मुदत वाढते कशानं? आमच्या भागात पहिलं उत्तर उसाचं. जायकवाडीच्या फुगवट्याच्या बाजूला ऊस चिक्कार, आणि इथे तो सोलायला चाकू लागत नाही, दात लागतात. ब्रॅकेट बसवताना दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल अर्धा मिनिट ठेवतो. धुऊन वाळवलं की तेवढी जागा पांढुरकी, निस्तेज दिसते. त्यावर चिकटद्रव्य, ब्रॅकेट आणि निळा प्रकाश. ही पकड मुद्दामच बेताची असते, कारण उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढताना दाताचं कवच उडता कामा नये. उसाच्या एका पेराला ती पुरत नाही. मूल तोंड उघडतं तेव्हा उपदाढेचा ब्रॅकेट तारेवर इकडून तिकडे सरकत असतो आणि त्यात उसाचे धागे अडकलेले असतात. ‘‘कधी निघाला?’’ ‘‘दुसरं रबर लावलं तेव्हाच.’’ म्हणजे महिना झाला. तेवढ्यात दात परत फिरलेला असतो आणि आम्ही मोठी तार काढून पुन्हा बारीक तारेवर येतो. कडक चिक्की, भाजलेले हरभरे, अख्खा पेरू यांचंही तेच. पेरू खा, पण फोडी करून.

दुसरं कारण चुकलेल्या तारखा. जागा भरायला जी रबराची साखळी लावतो, तिची निम्मी ताकद पहिल्या दिवसातच ओसरते आणि महिन्याभरात ती जवळपास निकामी होते. शेवगाव, पाथर्डीतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचा कोयता कारखान्याला निघतो. कुटुंबाबरोबर मुलंही जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. अशा मुलांना रागावून उपयोग नाही. वेळापत्रकच त्यांच्या बेतानं आखावं लागतं. दात काढायचं आणि जागा भरायचं काम मी उन्हाळा-पावसाळ्यात घेतो. निघण्याआधी रबरं काढून, ब्रॅकेट बारीक तारेनं बांधून, जोर न लावणारी स्टीलची तार ठेवतो. दात पुढे जात नाही, पण मागेही येत नाही. एवढ्यासाठी निघायच्या पंधरा दिवस आधी येऊन सांगणं मात्र गरजेचं आहे.

तिसरं, हिरड्या. घासण्यात हयगय झाली की हिरड्या सुजतात, मग तारेचं काम थांबवून आधी त्यांचा इलाज करावा लागतो. मिसरीची सवय असेल तर ती सोडल्याशिवाय तारा लावूच नयेत. आणि तार बदलल्यावर दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या कसल्याही गोळ्या खाऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं सतत घेतली तर हाड कुरतडण्याची प्रक्रियाच मंदावू शकते. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतलेली बरी.

वयाबद्दलही गैरसमज आहेत. तिशी-चाळिशीतही दात सरकतात. सुरुवात जरा संथ असते, पण मोठी माणसं तारखा पाळतात, म्हणून एकूण मुदतीत फारसा फरक पडत नाही. वयाचा खरा प्रश्न जबड्याचा. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या भरात काढ-घाल करायच्या पट्ट्यांनी साधारण वर्षभरात चांगला फरक पडतो. मुलींमध्ये हा भर मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी येतो. ‘दहावी होऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्यांची ही संधी गेलेली असते; मग उरतं ऑपरेशन, नाहीतर तडजोड. तसंच, ‘दुधाचे दात पडणारच’ म्हणून किडलेली दुधाची दाढ लवकर काढून टाकली की मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा जाते.

तारा निघाल्या म्हणजे काम संपलं, असंही नाही. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात, म्हणून दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वापरावाच लागतो: आधी दिवस-रात्र, नंतर फक्त रात्री, आणि तेही वर्षानुवर्षं. हे लग्न ठरवणाऱ्यांनीही आधीच ऐकून ठेवावं.

म्हणून डॉक्टरांना ब्रॅकेट कोणत्या कंपनीचा, हे नंतर विचारा. आधी विचारा की दात काढावे लागतील का, किती आठवड्यांनी यावं लागेल आणि आमच्याकडून काय पाळलं जायला हवं. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी असतात. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचे दात तेव्हा एकदा तपासून घ्या. बहुतेकांना त्या वयात काहीच करावं लागत नाही, पण ज्यांना करावं लागतं, त्यांच्यासाठी वेळेवर कळणं हाच निम्मा उपचार असतो.